वेताच्या खुर्चीला खोबरेल चोळण्याआधी हे वाचा

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की वेताची खुर्ची कितीही जुनी, वाळलेली असू दे, खोबरेल तेल चोळा, दिवसभर कडक उन्हात ठेवा, वरून वार्निशचा जाड हात मारा, नवीन होते आणि जन्मभर बघायला नको. ज्याने लिहिलंय त्याने खुर्ची कधी उलटी करून तरी बघितली असेल का, शंका आहे.

तेलापासूनच सुरू करू. वेत ठिसूळ होतो तो तेल संपलं म्हणून नाही, त्यातला ओलावा उडाला म्हणून. मग पाणी द्या की! सीटची जाळी वरून गुळगुळीत असते, ती सालीची बाजू, तिच्यावरून पाणी नुसतं ओघळतं, पण खालची बाजू खरखरीत असते आणि ती पाणी पिते, रंग गडद होताना दिसतो. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं खालून अर्धा तास लावून ठेवायचं आणि मग रात्रभर कोणालाही बसू द्यायचं नाही. वाळताना जाळी आकसते, झोळ पडलेली सीट सकाळी बऱ्यापैकी ताठ झालेली असते, टिचकी मारली तर डफासारखी वाजते. हे खोबरेलाने सात जन्मात व्हायचं नाही. ते सुकतच नाही, चिकट राहतं, धूळ धरतं, खवट वास येतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी, म्हणजे साफसफाईचं काम वाढलं.

फक्त वेतासारखं दिसणारं सगळंच वेत नसतं हं. लॉइड लूम नावाचा प्रकार अमेरिकेत १९१७ साली आला, तो चक्क पिळलेल्या कागदाचा असतो, त्याला असं भिजवलं तर वाट लागेल.

तेलाची हौसच असेल तर जवसाचं घ्या, पेंटच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं, ते हवेत सुकतं. टर्पेंटाइन घालून पातळ करायचं, लावायचं, उरलेलं पुसून टाकायचं. आणि ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका प्लीज, आपोआप तापून पेट घेतात, बाहेर मोकळी पसरून वाळवा.

ऊन? आधीच कोरड्या वेताला मे महिन्याच्या उन्हात ठेवून काय मिळवणार, रंग उडतो आणि चिरा पडतात. सावलीत, वारा लागेल असं ठेवा, पुरे.

वार्निशचं म्हणाल तर आपण बसलो की वेत वाकतो आणि जाड थर वाकत नाही, तो तडकून पापुद्रे निघतात. त्यात खाली खोबरेल असेल तर धड चिकटणारच नाही. पातळ हात द्या, तोही वेत पूर्ण वाळल्यावर.

आणि जन्मभर वगैरे विसरा. खुर्चीखाली बारीक पीठ पडत असेल आणि वेताला टाचणीएवढी भोकं असतील तर आत किडा आहे, तो वेतातल्या स्टार्चवर जगतो, वरून चोळलेलं तेल त्याच्यापर्यंत पोचत नाही. आधी त्याचा बंदोबस्त करा, पॉलिश नंतर.

तुटलेली पट्टी मात्र पाण्याने जुळत नाही की तेलाने, ती विणूनच घ्यावी लागते. फ्रेमला भोवताली भोकं असतील तर जाळी हाताने विणलेली, खाच असेल तर तयार जाळी बसवलेली, दुसरं काम पटकन होतं. हाताने विणायचं तर उभे, आडवे, तिरके असे थर एकात एक घालावे लागतात, आपल्याकडे कित्येक अंध कारागीर हे नुसत्या बोटांच्या अंदाजाने करतात. जवळपास कोणी विणणारं असेल तर काम त्यांनाच द्या, फक्त प्लास्टिकची पट्टी नको, वेतच हवा हे आधीच सांगा.