पीएसए ‘चारच्या वर’ म्हणजे कॅन्सर? जरा थांबा

‘चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषानं दरवर्षी पीएसए करावं. आकडा ४ च्या वर गेला की प्रोस्टेट कॅन्सर, खाली असला की निर्धास्त. वय वाढेल तशी ही तपासणी जास्त गरजेची.’ हा मेसेज बहुतेक ग्रुपवर येऊन गेलाय. (पीएसए म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी; प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी.) हेतू चांगला असेलही, पण यातलं एकही विधान धड टिकत नाही.

आधी चाळिशीचं बघू. जोखीम सर्वसाधारण असेल तर पन्नाशीला डॉक्टरांशी बोलावं, असं अमेरिकन कॅन्सर सोसायटी सांगते. वडिलांना किंवा भावाला पासष्टीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, किंवा पुरुष कृष्णवर्णीय असेल, तर पंचेचाळिशीला. चाळिशीचा विषय निघतो तो कमी वयात कॅन्सर झालेले असे सख्खे नातेवाईक एकाहून जास्त असतील तरच. तेव्हाही आधी बोलायचं, सुई नंतर.

आता तो ४ चा आकडा. या तपासणीत मोजतात ते पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचं प्रथिन, निरोगी ग्रंथीतूनही ते रक्तात उतरतं. वयानं वाढलेली ग्रंथी, लघवीचा जंतुसंसर्ग, एवढंच काय, आदल्या दिवशीचं वीर्यस्खलनही आकडा चढवू शकतं. उलट वाढलेल्या प्रोस्टेटवरची फिनास्टेराइड ही गोळी काही महिने घेणाऱ्याचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टातला ३ हा ६ धरायचा. ही गोळी केसगळतीवरही देतात, त्यामुळे अनेकांना ती डॉक्टरांना सांगायचं सुचतच नाही. आणि ‘खाली म्हणजे निर्धास्त’? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आकडा ४ किंवा कमी असलेल्यांची बायोप्सी (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणी) केली, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांमध्ये कॅन्सर सापडला.

‘करून टाकायला काय जातं?’ हे मेसेजमध्ये नाही, पण त्यामागे तेच आहे. जातं बरंच. अमेरिकेतल्या यूएसपीएसटीएफ या तज्ज्ञगटाचा २०१८ चा अंदाज असा: ५५ ते ६९ वयाच्या १,००० पुरुषांची तपासणी करत राहिलं, तर सुमारे १३ वर्षांत एखाद-दुसरा मृत्यू टळतो आणि तिघांच्या कॅन्सरचं शरीरभर पसरणं टळतं. त्याच वेळी उपचारांमुळे सुमारे ५० जणांना लैंगिक दुर्बलता येते, १५ जणांचा लघवीवरचा ताबा जातो. हा सौदा कुणाला पटेल, कुणाला नाही. म्हणून या वयात निर्णय ज्याचा त्यानं, डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. (सापडलेला प्रत्येक कॅन्सर लगेच कापावा लागत नाही. संथ वाढणाऱ्यावर नुसती नियमित नजर ठेवणं हीसुद्धा रीतसर उपचारपद्धती आहे.)

राहिलं वाढतं वय. सत्तरीनंतर नेहमीची पीएसए चाळणी, म्हणजे लक्षणं नसताना केलेली तपासणी, करूच नये, असं हाच गट सांगतो. मात्र लघवीत रक्त किंवा हाडांत न थांबणारं दुखणं असेल, तर ती चाळणी नव्हे, आजाराचा शोध. तिथे वय आड येत नाही.