बेल्ट तुटतो, शिव्या मात्र सँडरला

जुन्या बेल्ट सँडरबद्दल, म्हणजे दोन रोलरवर सँडपेपरचा पट्टा फिरवून लाकूड घासणाऱ्या मशीनबद्दल, एक सल्ला सगळीकडे फिरत असतो. बेल्ट सारखा तुटतोय ना, मग मशीन म्हातारी झाली. बेल्ट ताणून धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण जास्त पडतोय, ती सैल करा. बेल्ट कुठल्याही दिशेने लावला तरी चालतो. तुटलाच तर इन्स्टंट ग्लूने चिकटवा, नाहीतर मशीन भंगारात द्या.

आधी ताण. वर्षानुवर्षं दाबलेली स्प्रिंग ढिली पडते, जास्त कडक होत नाही. ताण कमी झाला की बेल्ट मागच्या रबरी रोलरवर घसरतो, तापतो, बाजूला सरकून बॉडीला घासतो. म्हणजे सैल करून रोग वाढवायचा! उलट पुढचा रोलर ज्या खाचेत पुढेमागे सरकतो, तिथे भुसा अडकून तो जाम झालाय का ते बघा.

मशीन म्हातारी झाली का, हे तुटलेला बेल्टच सांगतो. तो फेकण्याआधी नीट पाहा. जोडावरच, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं चिकटवलेल्या जागी, सुटला असेल तर गोंद मेलाय. जुन्या मशीनसोबत आलेले किंवा दमट जागी पडून राहिलेले बेल्ट कोरे दिसतात, ग्रिटही (वरचे खरखरीत कण) धारदार लागतं, पण जोडातला गोंद वयाने खलास झालेला असतो. यात मशीनचा काय दोष? कडेपासून आत फाटला असेल तर ट्रॅकिंग, म्हणजे बेल्टचं रोलरच्या मधोमध धावणं, बिघडलंय. जोड शाबूत आणि बेल्ट मधेच आडवा फाटला, तर लाकडातला खिळा किंवा बेल्ट लाकडावर दाबणाऱ्या खालच्या प्लेटची झिजून धारदार झालेली कड शोधा. शेवटी प्लग काढून पुढचा रोलर हाताने फिरवा. तो अडखळत असेल तर बेअरिंग किंवा बुश (रोलरच्या दांड्याभोवतीची नळी) कोरडं पडलंय, आणि त्याची उष्णता थेट जोडाला पोचते.

दिशेची गोष्ट अर्धी खरी आहे. टोकाला टोक भिडवून मागून टेप लावलेला बेल्ट दोन्हीकडून चालतो. एकावर एक चढवलेल्या जोडाचा चालत नाही. उलटा लावला तर वरचं टोक लाकडात अडकून उचकटतं. आत बाण छापलेला असेल तर तो पाळायचा.

चिकटवण्याचा उपाय तर ऐकूच नका. ५३३ मिमीचा बेल्ट मिनिटाला ३०० मीटर वेगाने धावताना सेकंदाला नऊ-दहा फेऱ्या मारतो, आणि प्रत्येक फेरीत जोड दोन रोलरवर वाकतो. इन्स्टंट ग्लू वाळून ठिसूळ होतो. तो किती टिकणार? शिवाय सुटलेला बेल्ट हातावर सपकन बसतो, ते वेगळंच.

राहिलं भंगार. बेअरिंग, बुश, रबरी रोलर, प्लेटवरची ग्रॅफाइटची पट्टी हे सगळे झिजायचेच भाग आहेत आणि ते बदलता येतात. पुढच्या रोलरची बॉडीतली बसण्याची जागाच झिजून मोठी झाली असेल, आणि ट्रॅकिंगचा स्क्रू कितीही फिरवला तरी रोलर तिरपाच राहत असेल, तर मात्र नव्या मशीनचा विचार करा.