आईची सोय लावताना

पुण्यात आईची सोय लावणं सोपं आहे. फक्त 'वृद्धाश्रम' म्हणू नका, 'सीनियर केअर' म्हणा. चार पैसे जास्त जातात, पण सोसायटीत मान खाली जात नाही.

फोन लावलात की पहिला प्रश्न येईल, "चालत्या-फिरत्या, की बेडरिडन?" नाव-गाव नंतर. मला एके ठिकाणी महिन्याचे २८,००० सांगितले. "यात सगळं आलं ना?" "सगळं आलं. डायपर, औषधं, डॉक्टरांची व्हिजिट, फिजिओ आणि रात्रीची मावशी सोडून." मग राहिलं काय, असं विचारू नये. खोली राहते की! तीही तिघींत.

डायपरचा हिशेब मात्र शिकून घ्या. दिवसाला चार, म्हणजे महिन्याचे १२०. बिलात १८० लावले तर वाद घालू नका आणि आईला तर मुळीच विचारू नका. ती म्हणेल, "अरे, रात्रभर ओल्यातच असते मी." उगाच जिवाला घोर.

ब्युरोची मावशी घरी ठेवता येते. गणपतीला गावी गेली की दिवाळीनंतर उगवते.

मेडिक्लेम आहे म्हणता? त्याला दवाखान्यात भरती व्हावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून मिळणारं आयुष्मानचं ५ लाखांचं कार्डही भरतीपुरतंच. कूस बदलून देणं, भरवणं, पुसणं हा काही आजार नव्हे. वडिलांची पीएफवाली ईपीएस-९५ पेन्शन असेल तर तिचा आधार धरा. किमान १,००० रुपये आहेत, एका दिवसाचा तरी खर्च निघेल. उरलेले एकोणतीस दिवस तुमचे.

एवढं झेपत नसेल तर आईला खुशाल न्यायाधिकरणात जाऊ द्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात पोटगी दरमहा जास्तीत जास्त १०,०००. सांभाळण्यापेक्षा खटला स्वस्त! फक्त फ्लॅटच्या बक्षीसपत्रात 'आईला सांभाळीन' असलं काही येऊ देऊ नका. त्याच कायद्याच्या कलम २३ खाली फ्लॅट परत आईकडे जाऊ शकतो, आणि सोय लावायची ती कशासाठी?

शेवटी डिपॉझिट. सोडताना एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. आई मध्येच गेली तर नोटीस धरतात का, हे आधी विचारून ठेवा. मी विचारलं होतं. मॅनेजर म्हणाले, "तसं झालं तर बघू ना सर, ॲडजस्ट करू."