पट्ट्याचा हिरवा दिवा आणि बर्फीची जांभई

ठाण्यातल्या विशेष मुलांच्या पालकांच्या ग्रुपांवर गेले पंधरा दिवस एकच मजकूर फिरतो आहे. घोडबंदर रोडच्या एका आईने मला तो पाठवला आणि खाली विचारलं, “ताई, हा पट्टा घेऊ का? म्हणजे तुम्हाला दर बुधवारी यायची दगदग नको.”

मजकूर थोडक्यात असा: कृत्रिम बुद्धिमत्तेचा नवा पट्टा कुत्र्याच्या भावना अचूक वाचतो. मोबाईलवर हिरवा दिवा दिसला की कुत्रा खूश, मुलाला बिनधास्त जवळ बसवा. हँडलर (कुत्र्यावर लक्ष ठेवणारा जाणकार माणूस) नको, थेरपिस्ट नको, घरचाच कुत्रा थेरपी करेल. सहा महिन्यांत ऑटिझम बरा.

सहा वर्षं मी आमच्या बर्फीला, म्हणजे आमच्या लॅब्रेडॉर कुत्रीला, दर बुधवारी एका विशेष शाळेत मुलांच्या थेरपीसाठी घेऊन जाते. त्या आईला फोनवर जे बोलले तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा मजकूर वाचून कुणाच्या तरी घरात मूल आणि कुत्रा एकटे सोडले जातील, याची मला खरीच भीती वाटते.

पहिला दावा, “भावना अचूक वाचतो.” पट्टा भावना वाचत नाही. तो हृदयाचे ठोके, श्वास, हालचाल मोजतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. ठोके वाढले एवढं त्याला कळतं, कशामुळे वाढले ते कळत नाही. मी बाहेर जायच्या चपला घातल्या की बर्फीचं हृदय धडधडतं, आणि दिवाळीत खाली सुतळी बॉम्ब फुटला तरी धडधडतं. श्वासाचंही तसंच. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना, अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवतो. मे महिन्यात ठाण्याच्या दमटपणात सगळेच कुत्रे धापा टाकतात. त्यातली उकाड्याची धाप कोणती आणि ताणाची कोणती, हे ओळखायला बाकीचा कुत्रा बघावा लागतो: कान, डोळे, शेपटीचं मूळ, पाठीचा ताठरपणा.

आवाजावरून ओळखण्याचे प्रयत्न जुने आहेत. जपानच्या ताकारा कंपनीने २००२ साली बाऊलिंग्वल नावाचं यंत्र आणलं, ते भुंकण्याची सहा मनःस्थितींमध्ये वाटणी करायचं. २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या बोलण्यावर शिकवलेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल ७४ कुत्र्यांच्या आवाजांवर वापरलं. अचूकता जास्तीत जास्त ७० टक्क्यांपर्यंत गेली. संशोधन म्हणून ते मोलाचं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असताना त्या आकड्यावर विसंबायचं का? शिवाय थेरपीसाठी आपण निवडतो तेच मुळी न भुंकणारे कुत्रे. जो आवाज काढतच नाही, त्याच्या आवाजावरून काय ओळखणार?

दुसरा दावा, “हिरवा दिवा म्हणजे सुरक्षित.” माझ्या लेखी हा सगळ्यात घातक. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणं) असलेला एक मुलगा आमच्याकडे येतो. त्याची मूठ आवळली की त्याला स्वतःला ती सोडता येत नाही. एकदा ती बर्फीच्या मानेच्या केसांत आवळली गेली. बर्फी गुरगुरली नाही, हललीही नाही. तिने ओठ चाटले, मान दुसरीकडे वळवली, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला, मग जांभई दिली. झोप आलेली नसताना कुत्रा अशी जांभई देतो ते बहुधा ताणामुळे. मी बर्फीच्या मानेला आधार दिला, थेरपिस्टने त्याचं मनगट हळूच वाकवून बोटं मोकळी केली, आणि बर्फीला दाराबाहेर नेलं. सगळं मिळून दहा सेकंद.

त्या दहा सेकंदांत हालचाल मोजणाऱ्या यंत्राने काय टिपलं असतं? कुत्रा निवांत. घाबरलेले कितीतरी कुत्रे पळत नाहीत, जागीच गोठतात, आणि यंत्राच्या नोंदीत गोठणं विश्रांतीसारखंच दिसतं. शिवाय पट्टा असतो फक्त कुत्र्याच्या गळ्यात. मुलाचा हात कडक होतोय, तो आता किंचाळणार आहे, हे त्याला कुठून कळणार?

माणसंही चुकतात, हे मान्य. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केलेला अभ्यास मी नव्या स्वयंसेवकांना नेहमी सांगते. ज्याला आपण कुत्र्याचा ‘अपराधी चेहरा’ म्हणतो, तो त्याने चूक केली म्हणून होत नव्हता, मालक रागावला म्हणून होत होता. म्हणून तर बघायला शिकावं लागतं. मला स्वतःला वर्ष लागलं.

तिसरा, “हँडलर नको, थेरपिस्ट नको.” या उपचाराची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात ते बोरिस लेविन्सन स्वतः बालमानसतज्ज्ञ होते. जिंगल्स या आपल्या कुत्र्याबद्दल त्यांनी १९६२ साली लिहिलं तेव्हा त्याला सहउपचारक म्हटलं. उपचारक ते स्वतः होते. आमच्याकडे मूल कमजोर हाताने बर्फीला ब्रश करतं, तिच्या पट्ट्याचं बक्कल लावतं, चेंडू टाकतं. आज कोणता हात, किती वेळा, कुठे थांबायचं, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांना रोजची कामं करायला शिकवणारी तज्ज्ञ, ठरवते. तिची नजर मुलावर, माझी बर्फीवर. एका माणसाला दोन्ही जमत नाही, मीही करून पाहिलं आहे. आणि घरच्या कुत्र्याने दिवसभर थेरपी करायची तर त्या बिचाऱ्याने निवांत व्हायचं कधी?

चौथ्यावर दोनच वाक्यं. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली वेगळी वाट आहे, कुत्र्याने किंवा पट्ट्याने ‘बरा’ होणारा आजार नव्हे. थकलेल्या आईबापांना सहा महिन्यांची आशा विकणं मला सहन होत नाही.

तंत्रज्ञान नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात २०१५ च्या सुमारास अंध व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या अंगावरच्या पट्ट्याला हातात धरायची एक मूठ तयार झाली. तिच्यात दोन कंपन पावणाऱ्या मोटरी होत्या. एक कुत्र्याचे ठोके धरणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोचवायची, दुसरी श्वास. ज्याला कुत्र्याचे कान-डोळे दिसत नाहीत, त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय! ती मूठ ‘कुत्रा खूश आहे’ असं सांगत नाही. ठोके आणि श्वास हातात देते, अर्थ लावणं त्या माणसावर सोडते. मीही बर्फीच्या झोपेची नोंद अशाच साध्या यंत्राने ठेवते. शाळेनंतरच्या रात्री झोप तुटक झाली तर पुढचा बुधवार आम्ही चुकवतो.

त्या आईला म्हटलं, पट्टा घ्यायचाच असेल तर रात्रीच्या झोपेसाठी घ्या. येत्या रविवारी सकाळी सातला त्यांना त्यांच्या कुत्र्यासह उपवन तलावावर बोलावलं आहे. फोन पर्समध्ये ठेवायचा आणि अर्धा तास फक्त त्याच्याकडे बघायचं: सायकल शेजारून गेली की कान कुठे जातात, अनोळखी मूल धावत आलं की मान कुठे वळते. बुधवारी मी येतेच आहे.