जनावराच्या डॉक्टरांशी पैशाचं बोला, आणि आधीच बोला

"परवडत नसेल तर पाळता कशाला?" हे ज्यांना ऐकून घ्यावं लागलंय त्यांच्यासाठी लिहितेय. खर्च विचारला म्हणजे मुक्या जीवावर माया कमी, हा समज मला अजिबात मान्य नाही. बिलाच्या धास्तीने माणसं दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, 'बघू दोन दिवस' म्हणतात. त्या दोन दिवसांत जनावराचे हाल होतात आणि खर्चही वाढतो.

आमच्या बोक्याची लघवी तुंबली होती. सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कुंथायचा, बाहेर येऊन स्वतःला चाटत राहायचा. वाळू मात्र कोरडीच. बघणाऱ्याला वाटतं, पोट साफ होत नसेल. पण मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्रीची वेळ होती. डॉक्टर त्याला पिल्लू असल्यापासून ओळखत होते, म्हणून फोनवर लक्षणं ऐकताच म्हणाले, "सकाळची वाट बघू नका, आत्ता घेऊन या." अनोळखी दवाखाना शोधत बसलो असतो तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

म्हणून डॉक्टर शोधायचा तो जनावर ठणठणीत असताना. लसीच्या निमित्ताने जा. रात्री कोण असतं, दाखल करून घेता का, की दुसरीकडे पाठवता, हे तेव्हाच विचारा. आणि डॉक्टरांचा हात बघा. ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहतात का, हिरडी दाबून रंग दोन सेकंदांत परत येतो का बघतात, पोट चाचपतात, वजन करतात? जनावराला हात लावण्याआधीच तपासण्यांची यादी हातात आली, तर कारण जरूर विचारा.

पैशाचा प्रश्न मी सरळ विचारते: "यातली कुठली तपासणी आजच हवी आणि कुठली थांबू शकते?" चांगला डॉक्टर यावर तोंड वाकडं करत नाही, उलट दोन-तीन मार्ग समोर ठेवतो. औषधं बाहेरून घ्यायची असतील तर चिठ्ठी लिहून देतो. त्यांचीही बाजू आहेच. भूल, एक्स-रे, रात्रभर सलाईनवर लक्ष ठेवणारा माणूस, हे काही फुकट येत नाही. बिलावरून डॉक्टरांना शिव्या घालणाऱ्यांचा मला राग येतो.

खरी बचत आधीच्या खर्चात आहे. नसबंदी न केलेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. ती भरमसाट पाणी पिते, खाणं सोडते, मलूल पडते. तेव्हाही बहुतेकदा गर्भाशय काढावंच लागतं, पण आजारी शरीरातून, अँटिबायोटिक आणि सलाईनसकट. तेच ऑपरेशन तब्येत चांगली असताना केलं तर किती तरी स्वस्तात आणि कमी धोक्यात होतं. कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचंही तसंच. त्या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नाही, पिल्लाला सलाईनवर जगवत ठेवावं लागतं. लस मात्र आहे: ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू करायची, दर ३-४ आठवड्यांनी, पिल्लू किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत. मधला डोस चुकवू नका.

हात आखडता असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करा. तिथे वेळ मोडतो, पण खर्च बहुधा कमी येतो आणि अनुभवी प्राध्यापक लक्ष घालतात. विमा काढायचा तर लहान वयातच, कारण आधीपासून असलेला आजार बहुतेक विम्यांत धरत नाहीत.

आणि फी वाचवायला घरातली माणसांची गोळी कृपा करून देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चुकून दिली गेलीच, तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.