न घडलेलं भाकीत खोटं नसतं

‘जुन्या करारातला देव सूड घेणारा, त्याचे संदेष्टे नाशाची भाकितं करणारे, क्षमा आली ती थेट नव्या करारात.’ बायबलच्या जुन्या आणि नव्या भागांबद्दलचा हा मजकूर वर्षानुवर्षं पुढे पाठवला जातो. ख्रिस्ती माणसंही तो भाविकपणे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांची, पुस्तकं उघडली की यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी भाकितांचं. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २६वा अध्याय घ्या. यिर्मया यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात उभा राहून बजावतो, की वागणूक सुधारली नाहीत तर या मंदिराची गत शिलोसारखी, म्हणजे पूर्वी उद्ध्वस्त झालेल्या पवित्र स्थानासारखी, होईल. याजक त्याला धरतात आणि मरणदंड मागतात. तेव्हा काही वडीलधारे उठून जुना दाखला देतात. हिज्कीया राजाच्या काळात मोरेशेथ गावच्या मीखा या संदेष्ट्यानं सांगितलं होतं, की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल. राजानं त्याला मारलं का? उलट राजा परमेश्वराला भ्याला, त्यानं विनवणी केली आणि अरिष्ट टळलं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं खरं न ठरलेलं भाकीत इथे बचावासाठी पुढे केलंय, आणि मीखाला खोटा कुणीच म्हणत नाही! इशारा ऐकला गेला, हेच त्याचं यश. १८व्या अध्यायात, कुंभाराच्या घरी, हा नियम उघड सांगितलाय: ज्या राष्ट्राला उपटून टाकीन म्हटलं ते दुष्टाईपासून वळलं, तर मीही माझा बेत बदलीन.

देवाला दुष्टांच्या मरणात आनंद वाटतो, हा समजही असाच खोटा. बाबेलला (बाबिलोनला) कैद करून नेलेले यहुदी लोक म्हणायचे, ‘बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली, दात मुलांचे आंबले.’ यहेज्केल हा संदेष्टा ही म्हणच मोडीत काढतो. बापाचं पाप मुलाच्या माथी नाही, आणि दुष्ट मेला यात मला काय संतोष, त्यानं वळावं आणि जगावं, असं देव म्हणतो.

पश्चात्ताप म्हणजे उपास आणि अंगावर गोणपाट नेसणं, हा समज तर यशयानं ५८व्या अध्यायात पार धुऊन काढलाय. उपास धरता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता? जोखड मोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या. आमोसचा संतापही जोड्याच्या मोलानं गरिबाला विकणाऱ्यांवर आणि खोट्या तराजूवर आहे.

शिक्षा येतच नाही, असं मी म्हणत नाही. इ.स.पू. ७२२च्या सुमारास उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडलं, ५८६च्या सुमारास यरुशलेम. नहूम हा संदेष्टा तर अश्शूरी साम्राज्याची राजधानी निनवे हिच्या नाशावर अख्खं पुस्तक रचतो. ते कठोर आहे आणि ते गुळगुळीत करून सांगू नये.

पण त्याच निनवेबद्दल योना काय सांगतो? चाळीस दिवसांत नाश, एवढाच त्याचा संदेश. तिथे जनावरांनाही गोणपाट नेसवलं, पण देवानं पाहिलं ते हे, की लोक वाईट मार्गापासून वळले. नाश टळला तसा योना रुसला. तू दयाळू, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं, ही त्याची तक्रार! हे शब्द त्याचे स्वतःचेही नाहीत, जुन्या करारातल्याच निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायातले आहेत. योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी सभास्थानात हेच पुस्तक वाचतात. कोकणातले बेने इस्रायल हे यहुदी लोक तो दिवस घराची दारं लावून उपासात काढत आणि देवाकडे क्षमा मागत. नवा करार त्यांचा धर्मग्रंथ कधीच नव्हता.