एका अर्जावर आमदारकी जात नाही

‘विधानसभेच्या उमेदवाराने ४० लाखांपेक्षा एक रुपया जरी जास्त खर्च केला, तर निवडणूक आयोग पाच वर्षांत केव्हाही साध्या अर्जावर त्याची आमदारकी रद्द करतो, नेत्यांच्या हेलिकॉप्टरचा खर्चही त्याच ४० लाखांत येतो, आयोग मुद्दाम डोळे मिटून बसला आहे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी हे सगळे बंद केले होते, निवडणूक रोखेही आयोगानेच आणले.’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो माझ्या मामांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी मला आपल्या आमदाराविरुद्ध तसा अर्ज लिहून मागितला, म्हणून हे उत्तर.

सर्वांत घातक भाग मुदतीचा आहे. मर्यादेबाहेर खर्च करणे हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(६) नुसार भ्रष्ट आचरण आहे खरे. पण त्यावरून निवड रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, उच्च न्यायालयाला आहे, आणि त्यासाठीची निवडणूक याचिका निवड झाल्यापासून ४५ दिवसांत दाखल करावी लागते. ती मतदारही करू शकतो. मात्र उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे देण्यासाठी ३० दिवस मिळतात. तो शेवटच्या दिवशी आला, तर एक रुपया शुल्क भरून तो पाहायला, पुरावे जमवायला आणि वकील गाठायला मतदाराच्या हाती जेमतेम १५ दिवस उरतात. २०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. ती मुदत जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यातच संपली. ‘केव्हाही अर्ज करा’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने कायद्याचे एक पानही उघडलेले दिसत नाही, आणि त्याच्यावर विसंबणारा माणूस पुढच्या निवडणुकीतही ते १५ दिवस घालवून बसेल.

यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. हिशेब वेळेत किंवा विहित रीतीने दिला नाही, तर कलम १०अ खाली आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. उत्तर प्रदेशात २००७ मध्ये निवडून आलेल्या उमलेश यादव यांना पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा, खर्च न दाखवल्याबद्दल आयोगाने असे अपात्र ठरवले, पण तो आदेश निघायला ऑक्टोबर २०११ उजाडला. आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २००९ मध्ये भोकरमधून निवडून आलेले तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांतील मजकुराचा खर्च हिशेबात न दाखवल्याची तक्रार झाली. हिशेब खरा आहे की खोटा, हे तपासण्याचा अधिकार तरी आयोगाला आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ मे २०१४ रोजी न्यायालयाने तो अधिकार मान्य केला, जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश काढला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तोवर ती विधानसभाच मुदतीच्या अखेरीस आली होती. हे ज्याला ठाऊक आहे, तो ‘साधा अर्ज’ म्हणणार नाही.

हेलिकॉप्टरचे म्हणाल, तर कलम ७७ च्या स्पष्टीकरणानुसार मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरलाच जात नाही, आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला कायद्यात कमाल मर्यादाच नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात म्हटले, तर त्याच वर्षी कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. ही पळवाट आयोगाची नाही, संसदेची आहे.

डोळे मिटल्याचा आरोपही सरसकट टिकत नाही. खर्च निरीक्षक असतात, भरारी पथके असतात, सभांचे चित्रीकरण होते, चहा-वडापावपासून खुर्च्यांपर्यंत दरपत्रक ठरवून छाया नोंदवही, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची अधिकाऱ्यांनी केलेली स्वतंत्र नोंद, ठेवली जाते. एप्रिल २०१९ मध्ये रोकड सापडल्यावर तमिळनाडूतील वेल्लोरची लोकसभा निवडणूकच रद्द झाली. अडचण अशी की उमेदवाराचा हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून सुरू होतो. त्याआधी महिनोन्‌महिने वाटलेल्या साड्या आणि काढलेल्या देवदर्शनाच्या सहली त्यात येत नाहीत, हे गावातल्या लहान मुलालाही माहीत असते. छाया नोंदवही आणि उमेदवाराचा हिशेब यांतील तफावतीवर आयोगाने अधिक कठोर व्हावे, ही मागणी मात्र रास्त आहे.

शेषन यांचा दरारा खरा, पण त्यांच्या काळात, १९९० ते १९९६ दरम्यान, पक्षाच्या खर्चाला असलेली सूट आजच्यापेक्षा रुंद होती. ती काहीशी आवळली गेली २००३ मध्ये. राहिले रोखे, म्हणजे देणगीदाराचे नाव उघड न होता पक्षाला पैसे देण्याची सोय. ते सरकारने २०१७ च्या वित्त कायद्यातून आणले. त्या वर्षी मे महिन्यात आयोगानेच विधी मंत्रालयाला पत्र लिहून देणग्यांच्या पारदर्शकतेच्या दृष्टीने हे मागे नेणारे पाऊल असल्याचे कळवले होते. पुढे न्यायालयात आयोगाचा सूर नरमला, हेही खरे. पण १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेली ती योजना आयोगाच्या माथी मारता येत नाही.